थकलेला कर आणि घासाघिशीची जागा

‘तुमची टॅक्सची भानगड निम्म्यात मिटवून देतो’ असं सांगणारा माणूस प्रत्येक बाजारपेठेत एक तरी सापडतो. त्याचं ‘मिटवून देतो’ कधीकधी खरं असतं, ‘निम्म्यात’ मात्र जवळपास कधीच नसतं. थकलेल्या कराचं मुद्दल कमी करून घेण्याचा कायमचा रस्ता भारतात नाही. अधिकाऱ्यासमोर बसून ‘साडेचार लाख निघतायत, दोनवर मिटवा’ असं म्हणायची सोय ना प्राप्तिकराच्या कायद्यात आहे ना जीएसटीच्या. घासाघीस होते ती मागणी मुळात बरोबर आहे का यावर, पैसे कधी भरायचे यावर आणि व्याज-दंड किती सुटेल यावर. याशिवाय उरते सरकारची लहर. तिला सरकारी भाषेत अभय योजना म्हणतात.

नोकरदाराला हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण त्याचा कर पगाराआधीच कापला जातो. फॅब्रिकेशनवाला, फिजिओथेरपिस्ट, डबिंग कलाकार, इंटिरियरची कामं घेणारा ठेकेदार यांच्या हातात पैसा सबंध येतो. त्यातला सरकारचा वाटा कोणता, गाळ्याच्या भाड्याचा कोणता आणि पोरीच्या फीचा कोणता, हे त्यांचं त्यांनीच ठरवायचं. अंदाजित उत्पन्नाच्या कलम ४४एडी आणि ४४एडीए या तरतुदींनी हिशेबाच्या वह्यांचा जाच कमी केला, पण वर्षाचा सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदम भरायचा असतो. नेमके त्याच दिवसांत मोठ्या गिऱ्हाइकांकडची बिलं अडकलेली असतात. तारीख चुकली की कलम २३४बी आणि २३४सी खाली महिना एक टक्का व्याज लागू होतं, आणि रिटर्न उशिरा भरलं तर २३४ए खाली आणखी एक टक्का. अशा थकबाकीत कर बुडवायचा हेतू क्वचितच असतो. सरकारचे पैसे खेळत्या भांडवलात मिसळून गेलेले असतात, आणि ते बाजूला काढायची वेळ येते तोवर त्यांचा पत्रा, प्लायवूड किंवा कारागिराची मजुरी होऊन गेलेली असते.

मागणीची नोटीस आली की आधी ती खरी आहे का ते पाहावं. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. नोटीस बघून हबकलेला माणूस पैशांची जुळवाजुळव आधी करतो आणि कागद नंतर वाचतो. एक नेहमीचा प्रकार सांगतो. एका डिझायनरने कंपनीला ३ लाखांचं बिल दिलं. कंपनीने दहा टक्के टीडीएस कापून २ लाख ७० हजार खात्यात टाकले, पण कापलेले ३० हजार सरकारात भरलेच नाहीत. डिझायनरने रिटर्नमध्ये ३० हजारांचं श्रेय घेतलं, प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत ते दिसेना, आणि बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राने तेवढी रक्कम व्याजासकट तिच्याच नावावर थकबाकी म्हणून लावली. १९६१ च्या कायद्याचं कलम २०५ स्पष्ट सांगतं की, ज्याच्या पैशातून कर कापला गेला आहे त्याच्याकडे तो कर पुन्हा मागायचा नाही. अशा मागणीची सक्तीने वसुली करू नका, अशी सूचना केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१५ मध्ये अधिकाऱ्यांना दिली आणि पुढच्या वर्षी तिची आठवणही करून दिली. तरी संगणक मागणी काढतोच, आणि पुढच्या वर्षीचा परतावा परस्पर त्यात वळता करण्याची नोटीसही पाठवतो. इथे उपयोगी पडतं ते बिल, बँकेतली २ लाख ७० हजारांची जमा आणि ‘टीडीएस कापून पाठवलेत’ असा कंपनीच्या अकाउंटंटचा एखादा मेल. कापला गेला हे सिद्ध करायची जबाबदारी तिची आणि भरला नाही म्हणून वसुली करायची ती कंपनीकडून, एवढं कागदावर उभं राहिलं की बाजू बळकट होते.

पोर्टलवर थकबाकीला उत्तर देताना मागणी मान्य, अंशतः मान्य की अमान्य असं विचारलं जातं. घाईत ‘मान्य’वर बोट पडलं तर पुन्हा ‘अमान्य’ म्हणता येत नाही. नोंदीतली उघड चूक असेल तर कलम १५४ खाली दुरुस्ती मागता येते. त्यासाठी आदेश ज्या आर्थिक वर्षातला आहे ते वर्ष संपल्यापासून ४ वर्षांची मुदत असते. जुन्या मागण्यांचा पसारा किती होता ते सरकारनेच २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात कबूल केलं. काही मागण्या थेट १९६२ पासूनच्या होत्या. २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातल्या १० हजारांपर्यंतच्या मागण्या रद्द झाल्या, एका करदात्याला मिळून कमाल १ लाखापर्यंत. सुमारे एक कोटी करदात्यांना फायदा होईल असं अर्थमंत्री म्हणाल्या होत्या. त्यासाठी कोणाला अर्जही करावा लागला नाही. खातं मनावर घेतं तेव्हा काम किती सोपं होतं ते यावरून कळावं.

मागणी खरी निघाली तर पहिली मागायची गोष्ट म्हणजे वेळ. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे भरायचे असतात, आणि त्या ३० दिवसांच्या आत अर्ज केला तर कलम २२०(३) खाली अधिकारी मुदत वाढवू शकतो किंवा हप्ते बांधून देऊ शकतो. आपले लोक मार खातात ते याच ठिकाणी. मुदत उलटली की माणूस कायद्याच्या भाषेत ‘कसूरदार’ होतो. मग कलम २२१ खाली थकलेल्या कराइतका दंड लागण्याची टांगती तलवार राहते आणि बँक खातं गोठवण्याचा रस्ता खात्याला मोकळा होतो. एकतिसाव्या दिवशी विनवण्या करणाऱ्याला अधिकाऱ्याची दया लागते. पंचविसाव्या दिवशी अर्ज टाकणाऱ्यामागे कायदा असतो.

अर्जात काय असावं याचा साचा नाही, पण कोणता अर्ज चालतो हे वर्षानुवर्षं ही कामं करणाऱ्यांना ठाऊक आहे. आजारपण, मंदी, फसवणूक यांची करुण कहाणी दोन ओळींत आटपावी. त्याखाली सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, येणं असलेल्या बिलांची तारीखवार यादी, चालू कर्जांचे हप्ते आणि दरमहा अमुक एवढे भरू शकतो असा ठाम आकडा द्यावा. पहिला हप्ता अर्ज करण्याआधीच भरून चलन सोबत जोडलं तर बोलण्याचा सूरच बदलतो. अधिकाऱ्यालाही वर हिशेब द्यायचा असतो आणि मार्च हा त्याचा वसुलीचा महिना असतो, त्यामुळे ३१ मार्चपूर्वी बरीचशी रक्कम येईल अशी मांडणी त्याला सोयीची वाटते. १८ महिने मागणाऱ्याला ६ मिळतात आणि मग पुन्हा अर्ज करावा लागतो, हेही होतं.

हप्ते मिळाले म्हणून व्याज थांबत नाही. कलम २२०(२) प्रमाणे महिना एक टक्का, म्हणजे वर्षाला १२ टक्के सरळव्याज चालूच राहतं. हा आकडा मुद्दाम सांगतो, कारण नोटिशीच्या धसक्याने महिना तीन टक्क्यांनी सावकाराकडून पैसे उचलून प्राप्तिकर भरणारे लोक आहेत. मंजूर हप्त्यांवरचं सरकारचं व्याज त्याच्या एक तृतीयांश असतं. भीतीपोटी केलेला हा व्यवहार थकबाकीपेक्षा महाग पडतो.

हेच व्याज माफ करून घेण्याची तरतूद २२०(२ए) मध्ये आहे. भरणा खरोखर हलाखीत लोटणारा हवा, चूक हाताबाहेरच्या कारणाने घडलेली हवी आणि चौकशीत सहकार्य केलेलं हवं, अशा तिन्ही अटी एकदम लागतात. ४ नोव्हेंबर २०२४ च्या परिपत्रकाने कोणी किती माफ करायचं ते ठरवून दिलं. ५० लाखांपर्यंतचं व्याज प्रधान आयुक्तांच्या हातात आहे. आपल्या ठेकेदाराचा किंवा डिझायनरचा विषय तिथेच संपतो, त्यामुळे वरचे टप्पे सोडून देऊ. उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड कराच्या ५० टक्के असतो. त्याबाबत कलम २७०एए मध्ये एक खराखुरा सौदा ठेवलेला आहे. कर आणि व्याज मुदतीत भरा, अपील करू नका, आदेश मिळाला तो महिना संपल्यापासून महिनाभरात अर्ज द्या, आणि दंड सुटतो. जाणूनबुजून खोटं दाखवल्याचा शिक्का बसला असेल, जिथे दंड २०० टक्के असतो, तर हे दार बंद. छोट्या व्यावसायिकाने आदेश वाचताना कमी दाखवलं म्हटलंय की चुकीचं दाखवलं म्हटलंय, हा शब्द आधी शोधावा. पुढचं सगळं त्यावर फिरतं.

अपिलात गेलेल्यासाठी वेगळा हिशेब आहे. मंडळाच्या २०१७ च्या सूचनेनुसार वादातल्या रकमेच्या २० टक्के भरले की बाकीच्या वसुलीला स्थगिती मिळते. हे २० टक्के म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, अधिकारी त्याहून कमी रकमेवरही स्थगिती देऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एलजी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकरणात सांगितलं. छोट्या माणसाच्या अर्जात हा निकाल क्वचितच दिसतो.

तडजोडीसाठी खास उभारलेली एक संस्था आपल्याकडे होती. वांच्छू समितीच्या शिफारशीवरून १९७६ मध्ये समझोता आयोग आला. मुंबईत त्याचं पीठ होतं. पण अलीकडच्या नियमांनुसार वाढीव कर १० लाखांहून जास्त असल्याशिवाय तिथे पायरीच चढता येत नव्हती. थोडक्यात, ती सोय मोठ्यांची होती. १ फेब्रुवारी २०२१ पासून आयोग बंद झाला आणि ५० लाखांपर्यंत उत्पन्न आणि १० लाखांपर्यंत वादातली वाढ असलेल्यांसाठी विवाद निराकरण समिती आली. ती दंड माफ करू शकते, पण बरोबर ठरलेल्या करातला रुपयाही सोडू शकत नाही.

काहीच न करता बसलं तर प्रकरण कर वसुली अधिकाऱ्याकडे जातं. जप्ती, लिलाव, अगदी दिवाणी अटकही कायद्यात आहे. मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जे जप्तीतून वगळलंय ते इथेही वगळलेलं आहे. गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने. १९०८ च्या या यादीत सुताराचा रंधा सुरक्षित आहे, आणि आपल्याकडे मंगळसूत्रही. करंट खात्याचा उल्लेख नाही. आजच्या कारागिराचा रंधा म्हणजे त्याचं करंट खातं, आणि ते एका नोटिशीने गोठतं.

जीएसटीचं प्रकरण याहून कठीण आहे, आणि मला वाटतं या सगळ्या प्रश्नाची खरी मेख तिथेच आहे. कलम ८० खाली आयुक्त जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते देऊ शकतात. रक्कम निदान २५ हजार हवी, वर्षाला १८ टक्के व्याज द्यायचं आणि एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम एकदम. इथवर ठीक आहे. पण ही सवलत खात्याने काढलेल्या मागणीला आहे. व्यापाऱ्याने स्वतः रिटर्नमध्ये कबूल केलेल्या कराला ती मिळत नाही. जीएसटीचा कर बिल केल्यावर देय होतो, पैसे आल्यावर नव्हे. बिल्डरने चार महिने बिल थकवलं तरी ठेकेदाराला कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचाच असतो. पुरे पैसे नसतील तर जीएसटीचं मासिक ३बी रिटर्न पोर्टल स्वीकारत नाही, त्यात अर्धे आज आणि अर्धे पुढच्या महिन्यात अशी सोय नाही. मग रिटर्न राहतं, दिवसागणिक विलंब शुल्क चढतं, गिऱ्हाइकाला त्या बिलाचं क्रेडिट मिळत नाही म्हणून ते पुढचं कामही देत नाही, आणि सलग ६ महिने रिटर्न नसलं तर नोंदणी रद्द होऊ शकते. धंदा अडचणीत असतो त्या क्षणी ही साखळी धंद्याचा गळा आवळते. प्राप्तिकरात निदान पैसे नसतानाही रिटर्न भरून ‘नंतर भरतो’ हा पर्याय निवडता येतो. त्यानेही कसूरदार व्हायला होतं, पण रिटर्न नोंदलं जातं आणि उशिराचं शुल्क टळतं. कोविडच्या वर्षात, २०२० मध्ये, केरळ उच्च न्यायालयाने एका खाद्यपदार्थ व्यावसायिकाला कबूल केलेला जीएसटीही हप्त्यांनी भरू दिला. अशी मुभा कायद्यात असायला हवी. प्रत्येक फॅब्रिकेशनवाल्याने उच्च न्यायालयात जाणं काही जमण्यासारखं नाही.

यावर खात्याचं उत्तर ठरलेलं असतं. जीएसटी हा गिऱ्हाइकाकडून वसूल केलेला, म्हणजे परका पैसा आहे. तो वापरायला हप्ते कसले? मुद्दा बिनतोड आहे, फक्त गिऱ्हाइकाने तो पैसा दिलेला असेल तर. न दिलेल्या पैशाची अफरातफर कशी होईल? लघुउद्योगांची बिलं ४५ दिवसांत चुकवली नाहीत तर खर्चाची वजावट लांबणीवर टाकणारं प्राप्तिकराचं ४३बी(एच) हे कलम सरकारने मोठ्या गिऱ्हाइकांसाठी आणलं. त्याचा काही उपयोग झालाही असेल, पण बिल अडकलेल्या माणसाची २० तारीख त्याने पुढे सरकत नाही.

आता योजनांकडे. १९९७ ची स्वेच्छा उत्पन्न प्रकटीकरण योजना, १९९८ ची कर विवाद समाधान, २०१६ ची उत्पन्न घोषणा, २०२० आणि २०२४ ची विवाद से विश्वास, अशी ही परंपरा आहे. १९९७ नंतर अशी योजना पुन्हा आणणार नाही, अशी हमी सरकारने सर्वोच्च न्यायालयात दिली होती. पुढे काय झालं ते यादीच सांगते. ‘विवाद से विश्वास’चा ढाचा साधा होता. वादातला कर पूर्ण भरा, व्याज-दंड सोडतो, उशीर कराल तर दहा टक्के जास्त. २०२४ ची योजना २२ जुलै २०२४ रोजी प्रलंबित असलेल्या अपिलांना होती आणि ३० एप्रिल २०२५ ला बंद झाली. ज्याने अपील न करता निमूट हप्ते भरायला घेतले, तो त्यात बसत नव्हता.

महाराष्ट्राने जीएसटीपूर्व विक्रीकर आणि व्हॅटच्या थकबाकीसाठी २०१६, २०१९, २०२२ आणि २०२३ मध्ये तडजोडीचे कायदे केले. त्यांत उदारपणा चढत गेलेला दिसतो. २०२२ मध्ये १० हजारांपर्यंतची थकबाकी सरळ माफ होती आणि १० लाखांपर्यंतच्या थकबाकीला २० टक्के भरून मोकळं होता येत होतं. वर्षभरातच माफीची मर्यादा २ लाखांवर आणि २० टक्क्यांची ५० लाखांवर गेली. मुद्दल कराला कात्री लागली असं हे दुर्मीळ उदाहरण. माझगावच्या विक्रीकर भवनाच्या हेलपाट्यांतून हजारो जुने व्यापारी सुटले, खात्यालाही मेलेल्या फायली बंद करता आल्या. पण २०२२ मध्ये पतसंस्थेचं कर्ज काढून २ लाखांच्या थकबाकीचे २० टक्के चुकवणाऱ्याने पुढच्या वर्षीची जाहिरात वाचून काय धडा घेतला असेल? थांबलेला फायद्यात आणि भरलेला तोट्यात, हे एकदा गावभर झालं की पुढच्या हप्त्यांच्या अर्जात प्रामाणिकपणा कुठून येणार?

जीएसटीतली कलम १२८ए ची योजना त्या मानाने न्याय्य होती. समजा, एका ठेकेदाराला २०१९-२० सालासाठी कलम ७३ खाली ३ लाखांच्या कराची मागणी आली. साडेचार वर्षांचं १८ टक्क्यांनी व्याज २ लाख ४३ हजार, दहा टक्के दंड ३० हजार, मिळून ५ लाख ७३ हजार. त्याने ३१ मार्च २०२५ पर्यंत ३ लाख भरले आणि ३० जूनपर्यंत अर्ज केला तर वरचे २ लाख ७३ हजार सुटत होते. २०१७-१८ ते २०१९-२० ही तीनच वर्षं, म्हणजे नवा कायदा कोणालाच नीट कळला नव्हता तो काळ, आणि फसवणुकीचे खटले वगळलेले. माफीला निदान कारण होतं.

मुद्दलावर घासाघीस करायची रीतसर सोय पाहायची तर अमेरिकेत पाहावी. तिथल्या महसूल सेवेपुढे ‘तडजोडीचा प्रस्ताव’ ठेवता येतो. २०५ डॉलर शुल्क, एकरकमी प्रस्तावासोबत २० टक्के, आणि मग माणसाची मालमत्ता आणि घरखर्च वजा जाता उरणारी कमाई मोजून त्याच्याकडून जास्तीत जास्त किती निघेल ते सरकार ठरवतं. तेवढ्याला प्रस्ताव पोचला तर बाकीचं सोडून देतात. सगळी रिटर्न भरलेली हवीत आणि स्वयंरोजगारी असेल तर चालू वर्षाचा आगाऊ करही. टीव्हीवर ‘डॉलरमागे पाच सेंटांत सोडवतो’ म्हणणाऱ्या दलालांचा तिथे एवढा सुळसुळाट आहे की महसूल सेवा दरवर्षीच्या फसवणुकींच्या यादीत त्यांचा उल्लेख करते. न्यू जर्सीत सल्लागारी करणाऱ्या मराठी माणसालाही त्यांचे फोन येतात. ब्रिटनची पद्धत मला जास्त पटते. मुद्दल सोडत नाहीत, पण ३० हजार पौंडांपर्यंतचा कर थकला तर स्वयंरोजगारी माणूस घरबसल्या संकेतस्थळावर हप्ते बांधून घेऊ शकतो. रिटर्न भरलेलं हवं, एवढी मुख्य अट. कोणाला भेटायचं नाही, रडगाणं सांगायचं नाही.

आपल्याकडे अगदीच हात टेकलेल्या माणसाला शेवटचं दारही नाही. दिवाळखोरी संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू केला गेला. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला उरतो तो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, मुंबईत १९०९ चा. त्यात नादारीतून सुटका झाली तरी सरकारचं देणं सुटत नाही. वसूल होणारच नाही अशी थकबाकी खातं आपल्या वह्यांतून निर्लेखित करतं, पण ते खात्याच्या सोयीने. करदात्याला ते मागता येत नाही.

वर दिलेली प्राप्तिकराची कलमं १९६१ च्या कायद्यातली आहेत. संसदेने २०२५ मध्ये संमत केलेल्या नव्या कायद्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे आणि त्यात सगळे क्रमांक बदललेले आहेत, तेव्हा अर्ज लिहिताना मागणी कोणत्या वर्षाची आणि कोणत्या कायद्याखालची ते पाहून क्रमांक घालावा. भाषा सोपी केली, कलमं कमी केली, पण ठरावीक रकमेपर्यंत मागेल त्याला हप्ते ही ब्रिटिश धाटणीची साधी गोष्ट काही त्यात आली नाही. जीएसटी परिषदेनेही ३बी मध्ये अंशतः भरण्याची सोय आणलेली नाही. तोवर हातात आहेत ते नोटिशीनंतरचे ३० दिवस.